सेट बहिरा झाला तो हंगाम

सकाळी खिडकी उघडली आणि पहिलाच ठसका लागला. आली म्हणायची मिरची. नंदुरबारात थंडी आल्याचं आधी घशाला कळतं, मग अंगाला. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे मोकळं मैदान आहे, तिथे व्यापारी दरवर्षी ओली लाल मिरची वाळायला पसरतात. त्याला इथे पथारी म्हणतात. दिवाळी सरली की आधी एक-दोन ट्रॅक्टर रिकामे होतात, आणि मग बघता बघता सगळं मैदान लाल होऊन जातं. बाहेरगावचे लोक येतात, फोटो काढतात, "काय सुंदर दिसतं हो" म्हणतात आणि संध्याकाळच्या गाडीने सुरतेकडे निघून जातात. आम्ही मात्र होळीपर्यंत तोंडाला पदर लावून राहतो. दोरीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं की डोळे चुरचुरतात, कारण टॉवेलालाही मिरची लागलेली असते.

नावं ठेवायची तर मी या मिरचीला लग्न झाल्यापासून ठेवते आहे. पण अलीकडे हा वास आला की मला आधीच दमायला होतं. काही काम केलेलं नसतं, झोपही नीट झालेली असते, तरी खांदे उतरतात. शरीर विसरत नाही म्हणतात ते खरं असावं. मिरचीच्या अशाच एका हंगामात आमच्या जेवणाच्या टेबलावर एक रेडिओ सेट पोट उघडून पडला होता, आणि त्या टेबलाच्या एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला मी. तो सबंध हंगाम आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवलो.

अप्पा म्हणजे माझे यजमान. मुलगा त्यांना अप्पा म्हणतो, शेजारपाजारचे म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. टेलिफोन खात्यात नोकरी झाली त्यांची, आधी तळोद्याला, मग इथे. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी आल्यावर स्वतःच्या रेडिओवर बोलायचं. हौशी रेडिओ म्हणतात याला, हॅम रेडिओ. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, आणि घरच्या घरी सेट जुळवून, अंगणात तांब्याची तार ताणून कुठल्या कुठे बोलायचं. बोलायचं काय, तर तुमच्याकडे हवा कशी आहे, माझा आवाज कसा येतो, तार किती उंच बांधली. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सवत आधीपासून होती. ती खोक्यात राहायची, तापली की गुणगुणायची, आणि तिला मिरचीची धूळ चालत नसे. मला चालो न चालो.

परवाना माझ्याकडेही आहे. तळोद्याला असताना अप्पांनी हट्टाने परीक्षेला बसवलं. मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे पास होणं अवघड गेलं नाही, पण माइक हातात धरून परक्या माणसांशी गप्पा मारणं मला कधी जमलं नाही. शिवाय या लोकांची भाषा. बाई कितीही वयाची असो, ती 'यंग लेडी'. पुरुष विशीतला असला तरी 'ओल्ड मॅन'. आणि बायकोला म्हणतात 'एक्स यंग लेडी'. माजी तरुणी! सकाळच्या गप्पांत अप्पा सांगायचे, "माजी तरुणी आत पोळ्या करते आहे," की तिकडून पाच-सहा म्हातारे खोखो हसायचे. मी आतून लाटणं आपटायची, आणि त्यांना तेही ऐकू जायचं.

रोज सकाळी चहा झाला की चाळीस मीटरच्या बँडवर ही मंडळी जमत. कोणी सोलापूरचा, कोणी रत्नागिरीचा, एक बडोद्याचा, आणि वाशीमकडचे मनोहरराव. हजेरी झाली की बाकीचे आपापल्या उद्योगाला लागत. अप्पा आणि मनोहरराव तेवढे फ्रिक्वेन्सी जराशी बाजूला सरकवून पुन्हा बसत. दोघांची प्रत्यक्ष भेट जेमतेम एकदा झालेली, तीही भुसावळच्या फलाटावर, गाडी सुटेपर्यंत. पण आमच्या घरात भाजी कुठली आहे ते मनोहररावांना माहीत असे, आणि त्यांच्या कुसुमवहिनींचे गुडघे कसे आहेत ते आम्हाला. बोलणं संपवताना अप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "वहिनींना नमस्कार सांगा." तिकडून मनोहरराव म्हणत, "सांगतो." कुसुमवहिनींना मी पाहिलेलंही नाही. तरी त्यांच्या गुडघ्यांसाठी मी एकदा निर्गुडीच्या तेलाची कृती हवेतून पाठवली होती.

तर त्या हंगामात, मिरची नुकतीच पसरली होती तेव्हा, अप्पांनी कानाजवळचा स्पीकर आपटला आणि जाहीर केलं, "सेट बहिरा व्हई गया."

हा या लोकांचा खास शब्द आहे. रेडिओला दूरचे बारीक आवाज पकडता येईनासे झाले की ते म्हणतात, सेट बहिरा झाला. आमचा सेट जुनाच होता. सुरतेला एक हॅम वारले, त्यांच्या मुलांना या खोक्याचं काय करायचं कळेना, म्हणून तो अप्पांच्या पदरात पडला. अर्धा व्हॉल्व्हचा, अर्धा ट्रान्झिस्टरचा, उचलायला दोन माणसं लागायची. अशा वयाचा सेट बहिरा झाला तर त्यात नवल काय? अप्पांनी त्याच दिवशी स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, आणि माझं जेवणाचं टेबल गेलं.

पहिल्यांदा धूळ निघाली. तांबूस, तिखट धूळ, इतक्या वर्षांच्या हंगामांची. अप्पांनी फुंकर मारली आणि दोघंही शिंकत शिंकत अंगणात पळालो. मग बँड स्विचचे संपर्क स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं. मग गँग, म्हणजे स्टेशन लावायचं बटण फिरवलं की ज्याच्या पातळ पात्या एकमेकींत शिरतात ते, रंगाच्या मऊ ब्रशने झाडणं. मग फुगलेले फिल्टर कंडेन्सर काढून नवे घालणं. डाग देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण अप्पांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. ते तार चिमट्यात धरत, मी सोल्डरिंगचं टोक टेकवत असे. राळेचा धूर वर यायचा, त्यात बाहेरची मिरची मिसळायची, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना मला तो बारीक डाग बघावा लागायचा. डाग नीट बसला की चांदीसारखा चकाकतो, बिघडला की मळकट दिसतो. माझे बरेचसे मळकट. अप्पा बोटाने पुन्हा दाखवत, आणि मी पुन्हा तापवत असे.

ट्रान्सफॉर्मरला ओल धरली असेल अशी शंका आली, म्हणून तो काढून उन्हात ठेवला. ऊन आमच्या अंगणात उशिरा येतं, पथारीवर आधी. म्हणून अप्पांनी तो भिंतीवरून पलीकडे सरकवला, थेट मिरच्यांच्या शेजारी, आणि तिथे देठं खुडणाऱ्या सुमनबाईंना राखण सांगितली. सुमनबाई दरवर्षी हंगामाला येतात, तोंडाला फडकं बांधून बसतात, आणि फडक्यातून सगळ्या गल्लीची खबर ठेवतात. अप्पा त्या दिवसांत रेडिओवर फार मोठ्याने बोलत. हळूहळू आवाज चढत गेला होता. ट्रान्सफॉर्मर परत सेटमध्ये बसला त्यानंतरच्या एका सकाळी सुमनबाईंनी भिंतीवरून मला विचारलं, "बाई, अप्पा कोनासंगे भांडी ऱ्हायनात वं सकायपासून?"

"भांडत नहीत वं. गप्पा मारी ऱ्हायनात."

"अशा गप्पा तुम्हनासंगे मारतस का कधी?"

बाकीच्या बायका फडक्याआड हसल्या. मीही हसले. पण घरात आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. खरंच, आम्ही दोघं शेवटचं कधी बोललो होतो? जेवायला या, गोळी घेतली का, फोन आलाय, हे बोलणं म्हणायचं का?

दरवेळी एखादा भाग बदलला की अप्पा सेट लावून ऐकत, आणि त्यांचा चेहरा उजळायचा. "देख, फरक पडना!" मीही ऐकायची. मला काहीच फरक जाणवत नसे. आधीही आवाज चांगलाच येत होता, आताही येत होता. मला वाटायचं, आपल्याला यातलं काय कळतं. संगीत शिकलेल्या माणसाला सुरातलं जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, तसं असेल. दोन दिवसांनी अप्पांची कुरकुर पुन्हा सुरू. बहिरा तो बहिराच. मग आयएफटीचे डबे, म्हणजे पत्र्याच्या चौकोनी टोप्यांतल्या त्या कॉइली, प्लास्टिकच्या पेचकसाने केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवणं. तेही झालं. मग अंगणातली तार उतरवून तिची टोकं घासणं. कडुनिंबावर चढायला माणूस बोलवावा लागला. तार पुन्हा चढली. सेट बहिराच.

जुनी वस्तू दुरुस्त करायला घेतली की माणसाला एक गोड फसवणूक मिळते. आज हा भाग, उद्या तो भाग, म्हणजे काहीतरी चाललं आहे. दिवस कारणी लागतो. निवृत्त माणसाला तेवढं पुरतं. मला पुरत नव्हतं. मला स्वयंपाक होता, माझी पाठ होती, आणि टेबलावर पसरलेल्या स्क्रूंमधून वाट काढत भाजी चिरायची होती.

आणि मग एका सकाळी सेट सुरू असताना बँडवर अगदी तळाशी कोणीतरी हाक देत होतं. बारीक, पण स्वच्छ. बहुतेक आसामकडचा माणूस, हिंदीत बोलत होता. मी पोळपाटावरून म्हटलं, "कोनतरी बलाई ऱ्हायना." अप्पांनी मान हलवली नाही. ते त्याच स्टेशनवर बसले होते, हात बटणावर, डोळे स्पीकरवर, आणि तो बिचारा हाका मारत होता. त्यांनी बटण फिरवून पुढे नेलं. माझं लाटणं तिथेच थांबलं.

त्यानंतर मी पाहायला लागले, आणि पाहायला लागल्यावर सगळं दिसलं. कुकरच्या शिट्ट्या ते मोजत नसत. दूधवाल्याची घंटा त्यांना कळत नसे, त्याची सायकल खिडकीतून दिसली की उठत. माझ्या प्रश्नांना येणारी उत्तरं नेमकी बसत नसत, पण जवळपास असत, म्हणून इतके महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. टेलिफोन खात्यातला माणूस, अर्ध्या शब्दावरून पुढचं ओळखायची सवय. सेट ठणठणीत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आमचं चाललं होतं, आणि बंबाची नळी माझ्या हातात होती.

सांगावं तर काय होईल, हे मला ठाऊक होतं. या माणसाने नोकरीत आणि घरात जन्मभर कानांवर काम केलं. आपले कान गेले हे त्यांना एकदा कळलं की ते माइकला पुन्हा हात लावणार नाहीत, आणि सकाळची ती मंडळी सुटली की त्यांच्याकडे दुसरं कोणी नाही. नातेवाइकांशी त्यांचं फारसं जमत नाही. पारावर बसणारे ते नव्हेत. मुलगा पुण्याला, तो फोनवर बोलतो आणि हे "बरं, बरं" म्हणतात. म्हणजे उरले मी. बारा महिने, चोवीस तास एकट्या मीच. मी घाबरले, खरं सांगते. म्हणून गप्प बसले आणि आणखी थोडे डाग दिले.

दुरुस्तीत फार कष्ट नव्हते. दमायची मी बोलण्याने. बहिऱ्या माणसाशी बोलताना काय होतं, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच माहीत. प्रत्येक वाक्य दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्याने. मोठ्याने बोललं की आवाजाला धार येते. "शर्टाचं बटण तुटलंय" हे मायेनेच म्हणायचं असतं, पण ओरडून म्हटलं की ते ओरडल्यासारखंच लागतं. समोरचा माणूस दुखावतो आणि आपण दमतो. हळूहळू आपण वाक्यं गाळायला लागतो. हे कशाला सांगायचं, ते कशाला. गरजेपुरतं उरतं. काही गोष्टी अशाच असतात की त्या हळू आवाजातच सांगता येतात. मला रात्री भीती वाटते, हे गल्लीला ऐकू जाईल असं कसं सांगणार? त्या हंगामात माझ्याकडे अशी बरीच वाक्यं साठली होती.

आता या लोकांची एक रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. समोरच्याचा आवाज कसा येतो, हे ते आकड्यांत सांगतात. शब्द किती स्पष्ट याला पाचपैकी, आवाज किती जोरदार याला नऊपैकी. उत्तम म्हणजे फाइव्ह नाईन. पण व्यवहारात भिडेखातर सगळे सगळ्यांना फाइव्ह नाईनच देतात. एखाद्याचं अक्षरही कळत नसलं तरी "फाइव्ह नाईन, व्हेरी फाइन" म्हणायचं आणि मग हळूच विचारायचं, "आपलं नाव पुन्हा सांगता का?" पाहुण्याला कच्च्या पोळीचंही कौतुक करावं लागतं, तसंच हे. अप्पा या भिडेच्या आधारावर किती महिने तरून गेले होते, देव जाणे.

त्या सकाळी बाकी मंडळी उठून गेली आणि दोघे मित्र बाजूला सरकले. मी आत कणीक मळत होते. बरेच दिवस मनोहरराव आले नव्हते. त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा, पण आमच्या त्या बहिऱ्या सेटमधून शब्द न् शब्द स्वच्छ.

"अप्पा, कुसुम गेली. मागच्या आठवड्यात. सकाळी चहा केला, मला दिला, आणि ओट्यापाशीच बसली ती बसलीच. घरात आता मी एकटा आहे. ओव्हर."

माझे हात कणकेत तसेच राहिले. आणि बाहेरच्या खोलीतून अप्पांचा खणखणीत, आनंदी आवाज आला.

"व्हेरी फाइन, मनोहरराव, व्हेरी फाइन! फाइव्ह नाईन येताय आज. इकडे मिरचीचा हंगाम जोरात आहे. वहिनींना नमस्कार सांगा. ओव्हर."

मी दारापर्यंत धावले, पण तोवर अप्पांचं बोलून झालं होतं. स्पीकरमध्ये नुसती खरखर होती. बराच वेळ खरखर. मग मनोहरराव म्हणाले, "सांगतो, अप्पा. सेव्हन्टी थ्री." म्हणजे, निरोप घेतो. अप्पांनी समाधानाने सेट बंद केला आणि मला म्हणाले, "आज एकदम झकास ऐकू उना. आयएफटीनं काम झाये."

त्यानंतर गप्प बसणं शक्य नव्हतं. जेवणं झाली, मी त्यांच्या समोर खुर्ची ओढली, तोंड दिसेल अशी बसले आणि सांगितलं. ओरडून सांगावं लागलं. पलीकडे सुमनबाईंचे हात थांबले असतील, पण इलाज नव्हता.

"अप्पा, सेट चांगला शे. तुम्हना कान ग्यात."

ते हसले. "माले बठ्ठं ऐकू येस."

"मंग मनोहरराव काय बोलनात आज?"

"मिरचीनं बोलनात. हवापानीनं."

"कुसुमवहिनी वारी गयी. हाई बोलनात ते."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. माणूस मेल्याची बातमी दोनदा ओरडून सांगायची वेळ कोणावर येऊ नये. या वेळी त्यांना कळलं. त्यांचा चेहरा आधी रागाने लाल झाला, मग उतरला. त्यांनी विचारलं, "आन मी काय बोलनू?"

मी सांगितलं. नमस्कार सांगा म्हणालात.

ते उठले, पेचकस घेतला आणि सेटचं झाकण पुन्हा उघडायला लागले. मी अडवलं नाही. दोन स्क्रू निघाले. मग त्यांनी पेचकस ठेवून दिला, कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. पुढचे काही दिवस सेटला कोणी हात लावला नाही. सकाळ व्हायची, चहा व्हायचा, ठरलेली वेळ यायची, आणि घर इतकं शांत असायचं की पथारीवर मिरची पालटणाऱ्या फावड्यांचा आवाज आत यायचा. मी ज्या गोष्टीला भ्यायले होते ती झाली होती. मी मनोहररावांना फोन लावायला दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. हे अप्पांचं काम होतं, आणि त्यांना ते करता येणार नव्हतं, कारण फोन तर त्यांना मुळीच ऐकू येत नव्हता.

मग एके दिवशी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलापाशी बसले. मंडळींची हजेरी होऊ दिली, आपण भाग घेतला नाही. नंतर नेहमीच्या जागी सरकले आणि मनोहररावांना हाक दिली. उत्तर आलं की नाही हे त्यांना कळणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर आलं होतं. मी मान हलवली.

"मनोहरराव," ते म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो ते न ऐकता बोललो. सेटला दोष देत होतो, पण सेट चांगला आहे. माझे कान गेलेत. वहिनी गेल्या आणि मी व्हेरी फाइन म्हणालो. मला माफ करा. तुमचं उत्तर मला ऐकू येणार नाही. ही ऐकेल. ओव्हर."

माइक त्यांनी माझ्यासमोर ठेवला. कणकेचे हात पदराला पुसून मी बसले.

"वहिनी, तुम्ही आहात ना तिथं?" मनोहरराव म्हणाले. "त्यांना सांगा, मला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच पावसाळ्यापासून माहीत आहे. ते काहीही बोलले तरी आम्ही चालवून घेत होतो, त्यांचा आवाज रोज यावा म्हणून. त्या दिवशीही त्यांना ऐकू येत नाही हे माहीत होतं. म्हणून तर त्यांना सांगितलं. कुसुम गेल्यापासून मला ते वाक्य म्हणताच येत नव्हतं. पोरीलाही माझ्या भावानं कळवलं. माणसं समोर आली की रडतात, मग त्यांचीच समजूत काढावी लागते. अप्पांना सांगितलं, आणि तोंडातून ते पहिल्यांदा निघालं. त्यांनी नमस्कार सांगितला. मी फोटोपुढं जाऊन सांगितलाही. रागावायचं काय त्यात? ओव्हर."

"काय म्हनस तो?" अप्पांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, एकेक वाक्य, ओरडून. मध्ये माझाच आवाज फाटला. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग माइक घेतला आणि म्हणाले, "उद्या याच वेळेला या." एवढंच.

आता आमच्या टेबलावर मुलाने आणलेला छोटा नवा सेट असतो. त्याला पडदा आहे, त्यावर कोणी बोललं की त्याच्या आवाजाची पिवळी रेघ वरून खाली ओघळत येते. अप्पा ती बघतात. मनोहररावांची रेघ त्यांना ओळखू येते असं ते म्हणतात, मला ते थोडं थापच वाटतं. ऐकायचं काम माझं. मी ऐकते आणि ओरडते, अप्पा बोलतात, मी पुन्हा ऐकते. कानाचं यंत्रही आणलं, पण सेटजवळ गेलं की ते कर्कश शिट्टी मारतं, म्हणून डबीत पडून असतं. रोज सकाळी दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा माझ्या घशातून जातात, आणि या दिवसांत तर त्या घशात मिरची असते. लोक म्हणतात, किती छान जमवून घेतलंत. जमवून घेतलंय खरं. पण एखाद्या सकाळी वाटतं, माझ्याऐवजी कोणीतरी ऐकावं आणि मी नुसतं पडून राहावं.

पण त्या दिवशीचं सांगत होते. सेट बंद झाला. अप्पा खाली बसून उरलेली तांब्याची तार हाताभोवती गुंडाळू लागले, पाठ माझ्याकडे. उन्हाचा पट्टा त्यांच्या मानेवर आला होता. मी टेबलापाशीच बसून होते, आणि मनोहररावांचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून तर त्यांना सांगितलं.

मग मीही बोलले. साध्या आवाजात, कितीतरी महिन्यांनी. मी थकले, अप्पा, म्हटलं. मला आता ओरडवत नाही. दिवसभरात तुमच्याशी बोलायचं म्हणून जे मनात येतं त्यातलं अर्धं मी गिळून टाकते, आणि मला ते आवडत नाही. मी आधी गेले तर तुमच्यासाठी कोण ऐकेल, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. आणि तुम्ही आधी गेलात तर या घरात मी कोणासाठी ऐकायचं? तार गुंडाळली जात होती. एक वेढा, पुन्हा एक. मी बोलत राहिले. शेवटी म्हटलं, मला तुमचा पूर्वीचा आवाज आठवतो, हळू बोलायचात तेव्हाचा. इतकं बोलून झाल्यावर छाती मोकळी झाली, आणि मी डोळे पुसले तर पदराची मिरची डोळ्यांत गेली.

अप्पांना माझी सावली हललेली दिसली असावी. तार हातात धरून ते वळले.

"काही बोलनी का तू?"

"नही," मी ओरडून सांगितलं.